सुटकेची तारीख जवळ आली की: आतली आशा आणि बाहेरची तयारी

ज्याची सुटका वर्ष-दीड वर्षावर आली आहे, अशा कैद्याच्या घरच्यांसाठी आणि कारागृहात जाऊन काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी हे लिहिलं आहे. कायद्याचा सल्ला वकिलाकडूनच घ्यावा. पण सुटलेल्या माणसाचे पहिले तीन महिने ज्या गोष्टींवर अडतात, त्या बहुतेक वकिलाच्या टेबलावर येतच नाहीत.

आत आशेचं काय होतं

आतला दिवस दुसऱ्याच्या हातात असतो. सकाळी बराक उघडणार, गिनती होणार, चहा, काम, जेवण, पुन्हा गिनती आणि अंधार पडायच्या आत कुलूप. दार आपण उघडायचं नसतं, भाजी कोणती हे ठरवायचं नसतं, हातात नोट नसते. आठ-दहा वर्षं असं गेलं की छोटे निर्णय घ्यायची सवय मोडते आणि मोठी स्वप्नं मात्र वाढत राहतात. कारण त्यांची झडती कोणी घेत नाही.

ही स्वप्नं सगळ्यांची सारखी नसतात. कच्च्या कैद्याची, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याची, आशा कोर्टाच्या तारखेला टांगलेली असते. ‘पुढच्या तारखेला जामीन होणार’ म्हणून तो शिवणकामाच्या वर्गाला नाव देत नाही, परीक्षेचा फॉर्म भरत नाही, आधारच्या शिबिरालाही जात नाही. अशा पुढच्या तारखांमध्ये तीन वर्षं निघून जातात आणि मग एका संध्याकाळी तो अचानक फाटकाबाहेर येतो, कसलीही तयारी नसताना. २०२२च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे होते. म्हणून कच्च्या कैद्याची तयारी पहिल्या महिन्यापासूनच धरावी. इथं ‘शेवटचं वर्ष’ असं काही नसतं.

पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्याच्या डोक्यात घर गोठलेलं असतं. आत जाताना चार वर्षांची असलेली मुलगी आता दहावीला आहे हे त्याला माहीत असतं, पण स्वप्नात तो तिला अजून खांद्यावरच घेतो.

जन्मठेपवाल्याचं सगळं शासन निर्णय आणि मुदतीआधीच्या सुटकेचा विचार करणारं बोर्ड यांच्याभोवती फिरतं. त्याच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. एक, फारच भव्य बेत: हॉटेल, ट्रान्सपोर्ट, संस्था. दुसरं, काहीच नाही: ‘बाहेर माझं आहे कोण?’ घरचे पहिल्याला घाबरतात, पण जास्त लक्ष दुसऱ्याकडे द्यायला हवं. भव्य बेत तासून लहान करता येतो. जिथं बेतच नाही तिथं तासायलाही काही नसतं.

आधी तारीख नक्की करा

सुटकेच्या तारखेबद्दल बराकीत जेवढ्या अफवा असतात तेवढ्या कशाबद्दलच नसतात. ‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षं’ ही त्यातली सगळ्यात जुनी. जन्मठेप म्हणजे कायद्यानं आयुष्यभर. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात जन्मठेप झालेल्याला, माफीचे (शिक्षेतून सूट मिळालेले) दिवस न धरता, प्रत्यक्ष १४ वर्षं काढल्याशिवाय सोडता येत नाही (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३३-अ, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७५). त्यापुढं किती, हे गुन्ह्याच्या प्रकारानुसार शासनाचे निर्णय ठरवतात. ‘दिवस आणि रात्र वेगळी मोजतात’ हे तर कुठल्याच कायद्यात नाही.

मुदतीच्या शिक्षेचा हिशेब कागदावर असा मांडा. समजा शिक्षा अशी आहे: १० वर्षं सक्तमजुरी आणि ५,००० रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी ६ महिने. निकालाआधी ३ वर्षं २ महिने आत काढलेले आहेत. ते वजा होतात (जुनं कलम ४२८, नवं ४६८). उरली ६ वर्षं १० महिने. त्यातून चांगली वर्तणूक, काम यांची मिळालेली माफी वजा. मग एक बेरीज, जी बहुतेक घरचे विसरतात: अभिवचन रजेचे, म्हणजे पॅरोलचे, दिवस शिक्षेत धरले जात नाहीत, तेवढे पुढं काढावे लागतात. संचित रजेचे, म्हणजे फर्लोचे, दिवस मात्र शिक्षेत धरले जातात. उशिरा हजर झाल्यास माफीही कापली जाते.

आणि दंड. घरच्यांनी दहा वर्षं मोजलेली असतात, गाडी करून फाटकाशी येतात आणि तिथं कळतं की अजून सहा महिने आहेत. दंड आधी भरता येतो, थोडा भरला तर त्या प्रमाणात कैद कमी होते. पैसेच नसतील तर केंद्र सरकारची २०२३ची गरीब कैद्यांना सहाय्याची योजना आहे: सुरुवातीला तिची मर्यादा दंडासाठी २५,००० रुपये आणि कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपये होती. अमली पदार्थांसारख्या काही कायद्यांखालचे कैदी त्यात बसत नाहीत. अर्ज कारागृहातून किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत जातो.

हे आकडे कैद्याच्या हिस्ट्री तिकिटाशी (कारागृहातली त्याची वैयक्तिक नोंद) आणि कारागृहातल्या न्यायविभागाच्या नोंदीशी ताडून घ्या. त्याच वेळी विचारा: दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात वॉरंट बाकी आहे का? एखाद्या जुन्या मारामारीची केस विसरलेली असते आणि फाटकावरच पोलीस पुन्हा ताब्यात घेतात. आशेचा याहून वाईट चुराडा होत नाही. अशी केस असेल तर प्रॉडक्शन वॉरंटवर (कैद्याला कारागृहातून कोर्टात हजर करण्याचा आदेश) हजर होऊन आतूनच जामीन करून घ्यावा.

कच्च्या कैद्यासाठी एकच कलम पाठ करा: नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला की जामिनाचा हक्क. पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही आणि एकापेक्षा जास्त केस चालू असतील तरी अडतं. अर्ज करणं ही कारागृह अधीक्षकाचीही जबाबदारी आहे. कोठडीतल्या प्रत्येकाला फुकट वकील मिळतो, मग त्याचं उत्पन्न काहीही असो. विधी सेवांचा देशभरचा फोन १५१००.

वहीतले चार रकाने

आशा ‘वास्तववादी’ कर असं सांगून कोणी करत नाही. दोनशे पानी वही घ्या, पानावर चार रकाने आखा: काय करायचं म्हणतो, त्यासाठी काय खरं असायला हवं, ते बाहेर कोण तपासणार, पहिलं काम आणि त्याची तारीख.

‘सुटल्यावर शेती करीन’ हे घ्या. काय खरं असायला हवं? जमीन नावावर असायला हवी. वडील मध्यंतरी गेले असतील तर वारस नोंद झाली का, सातबाऱ्यावर याचं नाव लागलं का? आत असलेल्या मुलाचं नाव ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातं, कधी मुद्दाम गाळलं जातं. सोसायटीचं कर्ज किती थकलंय? विहिरीला पाणी आहे का? आणि गेली नऊ वर्षं जो भाऊ ती जमीन कसतोय, त्याचं काय म्हणणं आहे? तिसऱ्या रकान्यात ‘घरचे’ असं मोघम लिहू नका, नाव लिहा. चौथ्यात: ताजा सातबारा आणि फेरफाराचा उतारा काढून पुढच्या मुलाकातीला त्यातला मजकूर वाचून दाखवणं. एवढं झालं की ‘शेती करीन’चं बऱ्याचदा ‘पहिल्या हंगामात भावाबरोबर निम्म्या वाट्यानं करीन’ असं होतं. हे छोटं दिसतं, पण जूनमध्ये पेरता येतं.

वही आतल्याकडे एक, बाहेर एक. एका पानावर एकच बेत. तीनपेक्षा जास्त बेत एका वेळी नकोत. ज्याच्या वहीत अकरा असतात त्याचा एकही होत नाही.

मुलाकातीत खरं बोलायचं कसं

जाळीपलीकडे दोन्ही बाजू खोटं बोलतात. तो म्हणतो ‘मी मजेत’, घरचे म्हणतात ‘सगळं ठीक’. मिनिटं मोजकी, बाजूला गोंगाट, मग रडून कशाला घालवा? हेतू चांगला असतो. पण सुटलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात जे धक्के बसतात ते या ‘सगळं ठीक’मधून आलेले असतात.

वर्षभर आधीपासून दर भेटीत एकच कठीण बातमी सांगा, भेटीच्या सुरुवातीला. शेवटच्या मिनिटाला सांगितलेली बातमी तो एकटा बराकीत घेऊन जातो. कोण वारलं, कोणाचं लग्न झालं, काय विकलं, किती कर्ज झालं, कोणाशी बोलणं बंद आहे, ही यादी आधी कागदावर करा. आणि बातमीला लागून पुढची सोय सांगा: ‘दादा, वरची खोली भाड्यानं दिलीय, तिच्यावरच पोरांची फी निघते. तू आलास की पहिले दोन महिने माझ्या खोलीत झोपायचं, मग बसून ठरवू.’ नुसतं ‘तू ये तर खरा’ यातून तो आपली जुनी खोली, जुनी खाट आणि जुना मान धरून येतो.

मुलांना ‘पप्पा दुबईला आहेत’ असं सांगितलेलं असेल तर ते सुटकेआधी किमान सहा महिने मिटवा. पोरांना बहुतेक वेळा शाळेतून आधीच कळलेलं असतं. त्यांना फक्त घरातल्या कोणीतरी ते मोठ्यानं म्हणायला हवं असतं. फोनवर किंवा ई-मुलाकातीत (व्हिडिओवरच्या भेटीत) मुलाला स्वतः बोलू द्या. पाढे म्हणून दाखव वगैरे नको. ‘तुझ्या वर्गात किती मुलं?’ असं बापानं विचारावं.

संचित रजा मिळत असेल तर ती पाहुणचारात घालवू नका. ती रंगीत तालीम आहे: बाजार आणायला पाठवा, बँकेत न्या, एक दिवस कामावर बसवा आणि काय अडलं ते वहीत लिहा. खुल्या कारागृहात जायची संधी असेल तर घ्यायलाच हवी. पैठण, मोर्शी, विसापूर इथं शेतात काम असतं आणि बंदोबस्त कमी. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला तर १९३९ पासून, औंध संस्थानच्या काळापासून, कैदी बायकामुलांसह राहतात. भिंतीआडून थेट एस.टी. स्टँडवर येण्यापेक्षा ही मधली पायरी कितीतरी बरी.

कागद

इथं आशा सगळ्यात निमूट मरते, खिडकीपुढच्या रांगेत.

आधारची पहिली नोंदणी २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली. त्याआधी आत गेलेल्याकडे आधार नसतं. कारागृहाच्या सही-शिक्क्याच्या प्रवेश दाखल्यावर आतच नोंदणी होऊ शकते. शिबिर लागलं की नाव द्यायचं. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच घालायला सांगा. कोर्टाच्या कागदात ‘ऊर्फ’ लागलेलं असतं, ते आधारवर येऊ देऊ नका.

जुना मोबाईल नंबर विसरा. काही महिने बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते आणि बँकेचा ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातो. नवं सिम, मग आधारला तो नंबर, मग बँक, हा क्रम उलटा केला की तीन चकरा जास्त. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. पासबुक, आधार आणि फोटो घेऊन केवायसी केली की चालू होतं. दहा वर्षांवर गेलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण बुडत नाही. आपल्याच बँकेत अर्ज करून मागता येते.

रेशनकार्डावरून नाव उडालेलं असतं, ते पुन्हा लावा. गाडी चालवण्याचा परवाना संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. ड्रायव्हरकीचा बेत असेल तर हे आधीच धरा. मतदानाचा हक्क कैदेत थांबलेला असतो, सुटल्यावर तो परत मिळतो. यादीत नाव आहे का एवढं बघायचं.

शिक्षणाच्या बाबतीत, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांची केंद्रं कारागृहांत चालतात. प्रमाणपत्रावर पत्ता काय छापून येणार हे फॉर्म भरतानाच विचारा आणि शक्य असेल तर घरचा द्या.

कामाचा बेत

आत शिकलेलं काम बाहेर तसंच्या तसं चालेल असं धरू नका. यंत्रमाग येतो, पण गाव गडचिरोलीत, तर इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव किंवा सोलापूर गाठावं लागणार. मग राहण्याचा खर्च धरून पगार परवडतो का ते आधी मांडा. सुतारकामात आत सागवान, रंधा आणि खाचा. बाहेर प्लाय, लॅमिनेट आणि मॉड्युलर किचन. हात चांगला असतो, पण दोन-तीन महिने एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली काढायची तयारी हवी. मन दुखतं ते इथं. आत जो ‘उस्ताद’ होता, त्याला बाहेर बावीस वर्षांचा पोरगा माप शिकवतो. हे आधी बोलून ठेवा.

आतली मजुरी फार थोडी, त्यामुळे भांडवल जमत नाही. महिला व बाल विकास विभागाकडे मुक्त बंद्यांना व्यवसायासाठी अनुदान देण्याची योजना आहे. जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याकडे (प्रोबेशन ऑफिसर) सुटकेआधीच चौकशी करा, कारण कारागृहाचे दाखले नंतर मिळवणं जिकिरीचं. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं २०२२ मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावानं कैद्यांसाठी ५०,००० रुपयांपर्यंतचं कर्ज सुरू केलं, सात टक्क्यांनी. घरची नड भागवायला ते आत असतानाच मिळतं. मुंबई-ठाण्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि सुटलेल्यांबरोबर काम करतो.

नोकरीच्या अर्जात गुन्ह्याबद्दल स्पष्ट प्रश्न असेल तर लपवू नका. सरकारी नोकरीत शिक्षेपेक्षा लपवाछपवीच जास्त नडते. चारित्र्य पडताळणीत ते उघड होतंच. खासगीत मालकाला कोणी सांगायचं हे ठरवा. ओळखीच्या माणसानं आधी एका वाक्यात सांगितलेलं बरं. तिसऱ्या महिन्यात सहकाऱ्याकडून कळलं तर नोकरी जाते.

फाटकाचा दिवस

जामिनाचा आदेश झाला म्हणजे आज घरी, असं नसतं. मुंबईत आर्थर रोडला आदेशासाठी पेटी आहे आणि ठरावीक वेळेनंतर पडलेला आदेश दुसऱ्या दिवसावर जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३च्या निर्देशांनुसार जामिनाचा आदेश ई-मेलनं त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाला जायला हवा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. जामीनदार मिळेना आणि महिना उलटला तर अटी सैल करण्याचा विचार कोर्ट आपणहून करू शकतं. तसा अर्जही द्या.

बाहेर पडताना हे हातात आहे का बघा: सुटकेचा दाखला, आत जाताना जमा केलेल्या वस्तू, खात्यावरची रक्कम आणि मजुरी, औषधांचे कागद. लांबचं गाव असेल तर प्रवासखर्च मागता येतो. क्षयाचं औषध चालू असेल तर निक्षय आयडी (क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक), एचआयव्हीचं असेल तर ते औषध देणाऱ्या दुसऱ्या एआरटी केंद्रासाठी बदलीपत्र, मानसोपचाराचं असेल तर किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या. गोळ्या आनंदाच्या भरात बंद होतात आणि दहाव्या दिवशी झोप उडते.

न्यायला दोन माणसं पुरेत. ढोलताशा, हार, फटाके, जीपची रांग तर अजिबात नको. त्यातून नवी केस झाल्याची उदाहरणं आहेत, आणि ज्यांचं माणूस गेलंय ते घर कदाचित त्याच आळीत असतं. त्या घराकडे पहिल्या दिवसांत माफी मागायलाही जाऊ नये. जायचंच असेल तर त्यांना मान्य असलेल्या मध्यस्थामार्फत विचारून, आणि ‘नको’ म्हणाले तर तिथंच थांबायचं.

हातात समजा ८,००० रुपये आहेत. साधा फोन आणि सिम २,०००, चप्पल-बूट आणि दोन जोड कपडे १,५००, दात-डोळे तपासणी आणि चष्मा १,५००, कागदपत्रांच्या चकरा १,०००, उरलेले २,००० घरच्या बाईच्या हातात पहिल्याच दिवशी. ही शेवटची रक्कम सगळ्यात जास्त उपयोगी पडते. पार्टी देणाऱ्या मित्रांची आठवण दुसऱ्या दिवशीच होते. दारू आणि नशेच्या बाबतीत ध्यानात ठेवा की शरीराची जुनी सवय सुटलेली असते, पूर्वीची मात्रा आता जिवावर बेतू शकते.

पहिले नव्वद दिवस

घरचे घाबरतात अशा गोष्टी: रात्री दिवा चालू ठेवूनच झोपणं, जेवण पाच मिनिटांत आणि ताट हाताशी धरून, बंद दारापुढे नुसतं उभं राहणं, हॉटेलात ‘काय घेणार?’ विचारल्यावर गप्प होणं. हे वेड नाही, आत तसंच होतं. रस्ता ओलांडताना पहिले दिवस कोणीतरी बरोबर असू द्या, वाहनांच्या वेगाचा अंदाज गेलेला असतो. २०१६च्या नोटाबंदीआधी आत गेलेल्याला आजची पाचशेची नोट ओळखीची नसते आणि चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड तर त्याहून नाही. यूपीआय शिकवा, पण महिनाभर खात्यात हजार-पाचशेच ठेवा. ओटीपी मागणारे फोन त्याला नवे असतात.

निर्णय दर आठवड्याला एक वाढवायचा. पहिल्या आठवड्यात भाजी कोणती, दुसऱ्यात कुठल्या बसनं जायचं, तिसऱ्यात महिन्याचा किराणा. एकदम ‘आता तूच घरातला कर्ता’ म्हणून किल्ल्या दिल्या की तो चिडतो किंवा खाटेवरून उठत नाही.

बाईची सुटका वेगळी धरा. तिला भेटायला आत येणारे आधीच कमी. सासर बऱ्याचदा दार लावून घेतं, माहेरी भावजय असते, नवऱ्यानं दुसरं मांडलेलं असतं. तिचं पहिलं वाक्य ‘पोरं परत घेणार’ हेच असतं, आणि पोरं कुठं आहेत, कोणाच्या ताब्यात आहेत, हे कागदावर आणायला महिने जातात. म्हणून राहण्याची जागा आधी: नात्यात सोय नसेल तर शक्ती सदनसारखं निवारागृह, तेही सुटकेआधी परिविक्षा अधिकाऱ्यामार्फत बोलून. फाटकाबाहेर संध्याकाळी सहाला एकटी बाई आणि हातात पिशवी, ही वेळ येऊ देऊ नका.

सहाव्या ते दहाव्या आठवड्यात एक घसरण बहुतेकांना लागते. पाहुणे संपलेले, काम नीट लागलेलं नाही, घरातले आपापल्या रोजच्यात. ‘आतच बरं होतं’ असं तो म्हणतो. त्यावर वाद घालू नका. जेवण टाकणं, रात्रभर जागणं, मरणाचं बोलणं दिसलं तर एकटं सोडू नका; टेलिमानसचा १४४१६ हा फोन चोवीस तास आणि मराठीतही चालतो. बाकी वेळी ती वही काढा. शेतीच्या पानावर चौथ्या रकान्यात बऱ्याचदा मार्चची एखादी तारीख तशीच पडून असते. ती खोडा आणि पुढच्या सोमवारची लिहा, तलाठी कार्यालय उघडं असतं त्या वेळेसकट.